दोराबाईंचे तीन अंक

दोराबाईंना कोणी विचारलं, "तुमचं शिक्षण किती हो?" तर त्या मान वर करून सांगतात, "तीन अंक." विचारणारा गोंधळतो. तीन इयत्ता म्हणायचं असेल बिचारीला, असं समजून विषय बदलतो. त्यांची लेक मात्र तोंडावर हात धरून हसते, कारण तिला ठाऊक आहे की आईनं एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही. ही बाई शाळेची पायरी कधी चढलीच नाही. ती शिकली एका नाटकाच्या तीन अंकांत, आणि तेसुद्धा उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे.

खरं नाव त्यांचं वेगळंच होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. नाट्यगृहात त्यांना सगळे दोराबाईच म्हणत. रंगमंचाच्या मागे, जिन्याखालून वाकून गेलं की एक लांबट खोली लागायची. तो कपडेपट. उंचावर एक खिडकी, भिंतीला धरून आठ ट्रंका, मध्ये कपडे टांगायची लाकडी दांडी, आणि कोपऱ्यात हात लावला की हलकासा झटका देणारी इस्त्री. त्या झटक्याची दोराबाईंना इतकी सवय झाली होती की एकदा इस्त्री दुरुस्त होऊन आली तर त्यांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. स्टार्चचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास त्यांच्या पदराला कायमचा चिकटलेला. नवरा लवकर गेला, लेक तान्ही होती, तेव्हा त्या या खोलीत आल्या. लेक पडद्यांच्या ट्रंकेवर झोपून मोठी झाली.

आता दोराबाई नाव कशामुळे, ते सांगते. कंपनीचं एकच नाटक वर्षानुवर्षं चालायचं. तीन अंकांचं, बाप आणि लेकीचं. लेक नोकरीसाठी दूर जायला निघते, म्हातारा बाप आधी अडवतो, चिडतो, आजारी पडतो, आणि शेवटी स्वतःच दार उघडून देतो. पाच जणांचे तीन अंकांचे कपडे. ते ओळखायचे कसे? तर दोराबाईंनी प्रत्येकाला एकेक रंग दिला होता. बापाला लाल, लेकीला हिरवा, डॉक्टरला पिवळा. कॉलरच्या आत त्या रंगाचा दोरा, आणि अंक जितवा तितक्या गाठी. वीज गेली तरी बाई नुसत्या बोटांनी गाठी मोजून दुसऱ्या अंकाचा कोट काढून द्यायच्या. तेरा वर्षांत एक बटण इकडचं तिकडे झालं नाही. ही सगळी करामत कशासाठी आहे, हे मात्र कोणाच्या डोक्यातही आलं नाही. हौशी बाई आहे, रंगांची आवड आहे, असं सगळे धरून चालले.

मग आला नवा मॅनेजर. वयानं लहान, खिशाला दोन पेनं, आणि चालणं असं की जणू मागून कोणी ढकलतंय. माणूस वाईट नव्हता. पण त्याला सगळं कागदावर हवं असायचं. कपडेपटात आला, कॉलर उलटी करून बघितली आणि म्हणाला, "बाई, हे काय गोधडीसारखं करून ठेवलंय? काढा ते दोरे. मी चिठ्ठ्या लिहून देतो, नटाचं नाव आणि अंक. प्रत्येक कपड्याला एक टाचा."

दोराबाईंनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्याच कात्रीनं सगळे दोरे काढले. एक अख्खी दुपार गेली. ओंजळभर रंगीत दोरे पदरात बांधून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात व्हायचं ते झालं. बापाचं काम करायचे ते राजे. तरुणपणी कधी तरी राजाची भूमिका केली होती, तेव्हापासून राजेच म्हणायचे त्यांना. अंगानं चांगले दणकट. डॉक्टर झालेला नट म्हणजे नुसती काठी. दुसऱ्या अंकात बाप आजारी पडलेला, लेक रडतेय, प्रेक्षकांच्या डोळ्यांना पदर लागलेले, आणि राजे आले ते डॉक्टरच्या कोटात! बाह्या कोपरापर्यंत, पोटावरचं बटण तटकन उडून पहिल्या रांगेत गेलं. पाठोपाठ डॉक्टर आला राजांच्या लांब कोटात. नाडी बघायला हात पुढे केला तर हात बाहीत सापडेचना. शोधतोय, शोधतोय. अख्खं नाट्यगृह खो खो हसत सुटलं. पडदा पाडावा लागला.

मॅनेजर तरातरा कपडेपटात आला. "चिठ्ठ्या वाचल्या नाहीत का बाई?"

"वाचल्या की," दोराबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी सरळ ठेवला. "चष्मा घरी राहिला, म्हणून जरा घोटाळा झाला."

"मग उद्यापासून चष्मा आणा. आणि हे सगळ्यांनाच सांगतोय, तुम्हालाही सांगतो. पुढच्या हंगामात नवं नाटक येतंय. पहिल्या प्रयोगाच्या दिवसापासून प्रत्येकाचं काम कागदावरून चालेल. ज्याला ते जमणार नाही, त्याला या कंपनीत काम नाही."

तो गेला. दोराबाई ट्रंकेवर बसल्या. बाहेर जगात त्यांना कोण ओळखत होतं? दुसरं कुठलं काम त्यांना येत होतं? पण खरं सांगायचं तर पोटाची चिंता नंतरची. या खोलीतून उठून जायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

दाराशी कोणीतरी खाकरलं. मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कंपनीचे प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत एका स्टुलावर, गुडघ्यावर नाटकाचं पुस्तक उघडून, छोट्या दिव्याच्या उजेडात पंधरा वर्षं बसलेला माणूस. नट अडला की नेमका शब्द त्याच्या कानात सोडायचे, आणि पहिल्या रांगेलाही पत्ता लागायचा नाही. सडेफटिंग, जिभेनं तिखट. धाकट्या बहिणीकडे राहायचे आणि तिच्यावरही डाफरायचे.

"दोराबाई," मास्तर म्हणाले, "तेरा वर्षांत मी तुमच्या नाकावर चष्मा पाहिला नाही."

दोराबाईंनी मान खाली घातली.

"उद्या बाराला या. प्रयोग संध्याकाळचा आहे. आणि हा घ्या, माझा जुना. मॅनेजरला दाखवायला तरी हवा."

दोराबाईंनी तो चष्मा घातला मात्र, दांडीवरचे कपडे पोहायला लागले. "अगं बाई! मास्तर, यातून तुम्हाला दिसतं तरी काय हो?"

"बाराला या," मास्तर म्हणाले आणि निघून गेले.

शिकवायची मास्तरांची तऱ्हाच वेगळी. अक्षरं नाहीत, पाटी नाही. पहिल्याच दिवशी नाटकाचं पुस्तक पुढ्यात टाकलं. "पडदा उघडल्यावर लेक पहिलं वाक्य काय म्हणते?"

"बाबा, चहा गार झाला," दोराबाई लगेच म्हणाल्या. अहो, शेकडो प्रयोग ऐकलेले! झोपेत म्हणून दाखवलं असतं.

"मग हे तेच आहे. बोट ठेवा. हा बाबा. हा चहा. आता पुढच्या पानांवर बाबा कुठे कुठे आहे, ते शोधून काढा. बाप आहे, लपून कुठे जाणार?"

दोराबाईंना गंमतच वाटली. दोऱ्याचा रंग शोधावा तसा त्या शब्द शोधायला लागल्या. बाबा सापडला, चहा सापडला, दार सापडलं. दुपारच्या शांत वेळी कपडेपटात इस्त्री तापत असायची, वरच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा ट्रंकेवरून सरकत सरकत दारापर्यंत जायचा आणि दोघं त्या पुस्तकावर वाकलेले असायचे. एक पान, दोन पानं, पंधरवड्यात तर पहिला अंक धडाधड! बोट सरकतंय, तोंड चालतंय, कुठे अडखळणं नाही की थांबणं नाही. दरम्यान चिठ्ठ्यांवर त्यांनी तोडगा काढलाच होता. चिठ्ठी बाहेर टाचलेली आणि दोरा खिशाच्या आत लपवलेला. जुन्या नाटकापुरतं निभत होतं.

अशा हवेत तरंगत त्या घरी गेल्या आणि लेकीपुढे पुस्तक उघडून बसल्या. लेक तेरा वर्षांची, अभ्यासात पक्की. आईनं दोन पानं खणखणीत म्हणून दाखवली. लेकीचे डोळे मोठे झाले. तिनं आपलं शाळेचं पुस्तक पुढे सरकवलं. "आई, आता हे वाच."

दोराबाईंनी बोट ठेवलं. तोंड उघडलं. काहीच येईना. एखादं ओळखीचं अक्षर दिसायचं आणि निसटून जायचं.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तू पाठ म्हणतेस. वाचत नाहीस."

पोरीनं मायेनंच म्हटलं होतं. पण ते लागायचं तिथे लागलं. दुसऱ्या दिवशी बाराला दोराबाईंनी आल्या आल्या पुस्तक ट्रंकेवर आपटलं. "नको मला हे! माझं मलाच हसू येतंय. पंधरा दिवस नुसती पोपटपंची केली मी, आणि तुम्ही ऐकत बसलात! कळलं नाही तुम्हाला?"

मास्तरांनी पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "खरंय. माझ्या लक्षात यायला हवं होतं." दोराबाईंना नवल वाटलं, कारण या माणसानं चूक कबूल केलेली कोणी ऐकली नव्हती. "आता एक करू. शेवटचं पान काढा. शेवटचा शब्द आधी वाचा, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. उलटं जा. पाठ केलेलं उलटं म्हणता येत नाही कोणाला. दर वेळी थांबावं लागतं आणि बघावं लागतं."

काय सांगायचं, जीव मेटाकुटीला आला! उलटं वाचताना नाटकातला शब्द न् शब्द परका झाला. एकेक अक्षर धरून, त्याला काना आहे का, मात्रा आहे का, बघत बघत पुढे, म्हणजे मागे, सरकायचं. चार ओळींना दुपार संपायची. "मास्तर, ही शिक्षा कोणत्या जन्माची?" असं त्या विचारायच्या, आणि मास्तर म्हणायचे, "तोंड कमी, बोट जास्त." पण महिना-दीड महिन्यानं एक दिवस रस्त्यानं चालताना दोराबाईंना समोरच्या पाटीवर "शिवणयंत्र दुरुस्ती" असं दिसलं. म्हणजे त्यांनी वाचलं नाही, ते आपोआप दिसलंच. त्या दुकानासमोरून त्या वीस वर्षं जात होत्या. तिथेच उभ्या राहून त्यांनी पाटी तीनदा वाचली आणि दुकानदारानं "काय हवं?" विचारल्यावर "काही नाही, काही नाही" म्हणत डोळे पुसत पुढे गेल्या.

त्याच आठवड्यात ते झालं.

नाटकाचा शेवट सगळ्यांना तोंडपाठ. लेक सामान घेऊन निघते आणि बाप म्हणतो, "जा, पोरी. मागे वळून बघू नकोस." राजे ते वाक्य असं म्हणायचे की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. त्या दुपारी मास्तर म्हणाले, "आज बापाचं शेवटचं वाक्य. उलटं."

दोराबाईंनी बोट ठेवलं. "बघ."

"चूक. 'नकोस'पासून सुरू होतं ते."

"'बघ' आहे मास्तर. मग 'वळून'. मग 'मागे'. मग 'एकदा'."

"दोराबाई, पाठ आहे म्हणून घाई करू नका."

"पाठ आहे तेच तर नाही इथे!" दोराबाईंचा आवाज चढला. "दारापाशी थांब आणि एकदा मागे वळून बघ, असं लिहिलंय. 'नकोस' नाहीच कुठे!"

"पंधरा वर्षं हे पुस्तक मांडीवर घेऊन बसतोय मी. मला सांगता?"

"मग बघा ना तुम्हीच!" असं म्हणून त्यांनी उघडं पुस्तक मास्तरांच्या हातात कोंबलं.

मास्तरांनी ते डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. पुन्हा जवळ आणलं. मग पानावर बोट टेकवून ठामपणे म्हणाले, "हे काय, इथे तर आहे. नकोस."

दोराबाई बघत राहिल्या. त्या मास्तरांच्या समोर बसल्या होत्या, आणि पुस्तक त्यांनी आपल्या बाजूनं तसंच पुढे केलं होतं. मास्तरांच्या हातात ते उलटं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांना स्वतःलाही ते कळलं नसतं. आता मात्र अक्षरं डोक्यावर उभी राहिलेली स्पष्ट दिसत होती.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तक उलटं आहे."

इस्त्री तापल्याचा वास यायला लागला तरी कोणी उठलं नाही.

"चौथं वर्ष," मास्तर शेवटी म्हणाले. "आधी अक्षरं पुसट झाली, मग ओळी. आता पान पांढरं दिसतं, एवढंच. पण नाटक पाठ आहे, त्यामुळे चाललं. म्हणून तुमची पोपटपंची मला कळली नाही. तुम्हीही पाठ म्हणत होतात, मीही पाठच ऐकत होतो." मग जरा हसले. "राजांनी ते वाक्य कधी बदललं, देव जाणे. टाळ्या मिळाल्या असतील. आणि मीही तेच धरून बसलो."

"आणि नवं नाटक?"

"ते कुठे पाठ आहे मला? पहिल्या प्रयोगाला तुमच्या आधी मी घरी."

तेव्हा दोराबाई उठल्या आणि आधी इस्त्री बंद केली. "असं कसं घरी?" त्या म्हणाल्या. "मी वाचते, तुम्ही पाठ करा. उद्यापासून."

मग कपडेपटातली ती शाळा उलटी झाली. नव्या नाटकाचे टंकलेले कागद आले, त्यातला एक शब्दही दोघांनी कधी ऐकलेला नव्हता. दोराबाई वाचायच्या, अडखळायच्या, चिडायच्या, पुन्हा वाचायच्या, आणि मास्तर डोळे मिटून ऐकायचे. एकदा ऐकलं की त्या माणसाच्या डोक्यात कोरलं जायचं. कधी दोराबाईंनी वाक्य चुकीचं वाचलं तर म्हणायचे, "असं कोणी बोलतं का? पुन्हा बघ." मास्तरांचं अहो-जाहो कधी सुटलं, कोणालाच कळलं नाही. मास्तरांच्या तोंडी "अगं" आलं आणि दोराबाईंना ते बरं वाटलं, इतकंच. ते सात महिने आयुष्यातले सर्वांत चांगले होते, असं त्या आजही सांगतात. मग स्वतःशीच म्हणतात, "भीतीनं जीव टांगलेला होता तेव्हा. तरी पण."

पहिल्या प्रयोगाचा दिवस आला. नवे कपडे, नव्या चिठ्ठ्या. दोराबाईंनी त्या सगळ्या वाचून लावल्या, एक दोरासुद्धा बांधला नाही. मॅनेजर येऊन बघून गेला आणि "ठीक आहे," म्हणाला. दोराबाईंची जागा वाचली होती. पण त्यांना हायसं वाटलं नाही, कारण खरी परीक्षा विंगेत होती.

आणि घात तिथेच झाला, तोही दोराबाईंच्या हातून. दुपारी तालमीत मॅनेजरनं तिसऱ्या अंकाच्या शेवटाचं अर्धं पान बदललं. स्वतःच्या हातानं नवा कागद लिहिला, राजांकडून एकदा म्हणवून घेतला आणि दोराबाईंच्या हाती देत म्हणाला, "हा मास्तरांच्या पुस्तकात टाचून टाका." त्यांनी टाचला. मास्तर जेवून परत आले की वाचून दाखवायचा, असं घोकत होत्या. पण नायिकेच्या झग्याची पाठ उसवली, दोन बटणं तुटली, आणि त्या धांदलीत ते राहून गेलं.

तिसऱ्या अंकात राजे सामानाची पिशवी घेऊन भावासमोर उभे होते. आणि अडले. नवंच वाक्य, एकदाच म्हटलेलं, डोक्यातून पार गेलं. मास्तरांनी लगेच विंगेतून शब्द दिले, "दादा, चल, अजून वेळ गेलेली नाही." बदलायच्या आधीचं वाक्य! राजांच्या चेहऱ्यावर गोंधळ पसरला. हातात पिशवी आहे, निघायचंय आणि हा म्हणतो चल? मास्तरांनी पुन्हा तेच दिलं, जरा मोठ्यानं. पहिल्या रांगेतले दोन प्रेक्षक विंगेकडे बघायला लागले.

मागे सुई-दोरा घेऊन उभ्या असलेल्या दोराबाईंना तो टाचलेला कागद आठवला. क्षणभर वाटलं, आपण गप्प राहावं. आपली जागा वाचलीय. आपण बोललो तर मास्तरांचं बिंग फुटेल आणि नाही बोललो तरी फुटेल. मग त्यांनी मास्तरांच्या गुडघ्यावरून पुस्तक उचललं, टाचलेला कागद उलटला आणि त्या छोट्या दिव्याशी वाकून म्हणाल्या, "दादा, तू राहा. मी निघतो. किल्ली खिडकीत ठेवलीय."

मॅनेजरचं अक्षर म्हणजे कोणाला लागेल तर शपथ. पण दोराबाई सात महिने त्याच्या चिठ्ठ्यांशी झगडत होत्या. त्या अक्षराची वळणं त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती.

राजांनी शब्द उचलला. नाटक पुढे गेलं. पडदा पडला, टाळ्या पडल्या, आणि मॅनेजर विंगेत आला.

"आतून बाईचा आवाज आला. कोणाचा?"

"कोणाचा नाही," दोराबाई म्हणाल्या. "मास्तरांचाच. घसा बसलाय त्यांचा."

"पुरे, दोराबाई," मास्तर म्हणाले आणि स्टुलावरून उठले. "तिचा आवाज. मला दिसत नाही, चार वर्षं झाली. हे अख्खं नाटक तिनं मला वाचून दाखवलंय. आजपासून पुस्तक तिच्या हातात द्या."

मॅनेजर कधी मास्तरांकडे, कधी त्या कागदाकडे बघत राहिला. "हे माझं अक्षर वाचलंत तुम्ही? माझ्या बायकोला लागत नाही."

"चिठ्ठ्या तुम्हीच लावल्यात ना," दोराबाई म्हणाल्या, पण त्यांना हसू आलं नाही.

कपडेपटात आल्यावर मात्र त्यांचा बांध फुटला. "तुमची जागा घ्यायला शिकले का मी? कोणी सांगितलं होतं तुम्हाला उठायला? निभावलं असतं आपण दोघांनी!"

"मग कशाला शिकलीस?" मास्तर म्हणाले. "खिशाला चिठ्ठ्या टाचायला?" मग आवाज उतरवून म्हणाले, "चार वर्षं मी रोज भीत होतो, दोराबाई. आज भीती गेली. जाऊ दे मला."

दोराबाई त्या स्टुलावर बसल्या त्या बावीस वर्षं. सवय मात्र सुटली नाही. पुस्तकाच्या समासात, जो नट जिथे हटकून अडायचा तिथे, त्या त्याच्या रंगाचा दोरा ओवून ठेवायच्या. राजांच्या पानांवर इतका लाल दोरा झाला की राजे म्हणायचे, "बाई, हे पुस्तक आहे की माझा कोट?" लेक शिकली, शिक्षिका झाली. दोराबाईंनी हाताला लागेल ते वाचलं, वर्तमानपत्रं, नाटकं, औषधाच्या बाटल्यांवरचे बारीक कागदसुद्धा. आणि दर सोमवारी, नाट्यगृह बंद असायचं तेव्हा, त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरांच्या बहिणीकडे जायच्या आणि मास्तरांना वाचून दाखवायच्या. नऊ वर्षं एक सोमवार चुकला नाही.

नवव्या वर्षी कंपनी दोन महिन्यांच्या दौऱ्यावर निघाली. निघायच्या दिवशी दोराबाई मास्तरांना भेटायला गेल्या. जिन्यातच बहिणीनं हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं की डॉक्टर दोन महिन्यांचं काही बोलत नाहीत, दोन आठवड्यांचंच बोलतात.

मास्तर पलंगावर उशीला टेकून बसले होते. अगदी वाळले होते. "जुनं पुस्तक आणलंस?"

सांगितल्याप्रमाणे आणलं होतं. कडा झिजलेलं, पहिल्या पानावर बाबा आणि चहा.

"शेवटचं पान वाच. सरळ."

दोराबाई वाचायला लागल्या. लेक सामान उचलते. बाप दार उघडतो. मग ते वाक्य आलं. लिहिलेलं वाचायची त्यांची हिंमतच होईना. मास्तरांनी राजांच्या तोंडून जे ऐकलं होतं तेच त्या म्हणाल्या, "जा, पोरी. मागे वळून बघू नकोस."

मास्तरांच्या ओठांना जुना तिखटपणा आला.

"दोराबाई, पाठ म्हणतेस. वाचत नाहीस. लिहिलंय तसं वाच."

दोराबाईंनी पानावर बोट ठेवलं. पहिल्या दिवशी ठेवलं होतं तसं. "जा, पोरी," त्यांनी वाचलं. "पण दारापाशी थांब आणि एकदा मागे वळून बघ."

"हां," मास्तर म्हणाले. "आता बरोबर. जा."

दोराबाई उठल्या. पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवलं. दारापाशी गेल्या, थांबल्या आणि मागे वळून बघितलं. मास्तरांनी हात वर केला होता. निरोपाचा हात, पण खिडकीच्या दिशेनं. दार कोणत्या बाजूला आहे याचा त्यांना अंदाज आला नव्हता. बाहेरच्या उजेडाकडे बघत ते हात हलवत होते.

दोराबाईंनी चपला काढून हातात घेतल्या. आवाज न करता त्या परत आत आल्या, पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी गेल्या आणि त्या हलणाऱ्या हातासमोर उभ्या राहिल्या.

पंधरा वर्षं विंगेत बसलेले ते कान. त्यांना काय फसवणार?

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "मग निघ आता. गाडी चुकेल तुझी."